खुर्ची, सही आणि सातबारा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सप्टेंबर जवळ आला की आपल्याकडे घरोघरी अहवाल येऊ लागतात. साखर कारखान्याचा येतो, दूध संघाचा येतो, पतसंस्थेचा आणि बँकेचा येतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ही घाई. बहुतेक घरांत लाभांशाचे पान तेवढे पाहिले जाते आणि पुस्तिका कपाटावर जाते. सुरुवातीच्या पानांवर संचालकांची छायाचित्रे असतात. ती एकदा मोजून पाहावीत. एकवीस चौकटी असतील, तर त्यांत स्त्रियांच्या बहुधा दोन. कायदा दोन म्हणतो, म्हणून दोन. तिसरी क्वचितच दिसते. या दोघी तेथे कशा आल्या, गाडी दोनवरच का थांबली आणि त्यांच्या असण्या-नसण्याने संस्थेच्या कारभारात काही फरक पडतो का, या प्रश्नांचा इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे.

मी आष्ट्यात अनेक वर्षे वाणिज्य शाखेला शिकवले. संचालक म्हणजे सभासदांनी निवडलेला विश्वस्त, ही व्याख्या कित्येक वर्गांकडून पाठ करून घेतली. कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या मधल्या पट्ट्यातले, सांगली-इस्लामपूर रस्त्यावरचे हे गाव. ऊस आणि हळद पिकवणाऱ्या या भागात 'शेअर' हा शब्द मुंबईच्या शेअर बाजारामुळे नव्हे, कारखान्याच्या शेअरमुळे लोकांना माहीत झाला. कुटुंबातील कोणी ना कोणी कशाचा तरी सभासद असतोच. त्यामुळे संचालक मंडळ हा विषय आपल्यासाठी बड्या कंपन्यांपुरता नाही. आपल्या उसाचे बिल कधी निघणार, ठेव सुरक्षित राहणार की नाही, हे त्या टेबलाभोवती ठरते.

आपल्या भागातील कारखानदारीचा आरंभ पाहायचा तर आष्ट्याहून फार दूर जावे लागत नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळची जागा दिली आणि १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. म्हणजे भागभांडवल, भागधारक आणि संचालक मंडळ ही व्यवस्था या मुलुखाला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक झाली. याच किर्लोस्करवाडीतून १९३० मध्ये 'स्त्री' हे मासिक सुरू झाले. शिक्षण, विवाह, अर्थार्जन अशा विषयांवर त्याने मध्यमवर्गीय मराठी घरांत केवढी खळबळ उडवली, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. पण कंपनीच्या संचालक मंडळावर निदान एक स्त्री असलीच पाहिजे, असा कायदा देशात यायला २०१३ साल उजाडले. मासिकाचा पहिला अंक आणि हा कायदा यांत त्र्याऐंशी वर्षांचे अंतर आहे.

मधल्या काळात स्त्रिया स्वस्थ बसल्या होत्या असे नाही. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. त्या वेळी आजचा सांगली जिल्हा त्यातच होता. वाळवा तालुका तर या चळवळीचे घरच. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांसारख्या स्त्रियांनी भूमिगतांचे काम केले. कोणी निरोप पोचवले, कोणी रातोरात भाकऱ्या भाजून रानात नेल्या, कोणी कार्यकर्त्यांना घरात लपवून पोलिसांना तोंड दिले. राज्य चालवण्याची ही तालीमच होती. या चळवळीतून तयार झालेल्या पुरुष कार्यकर्त्यांपैकी कित्येकांनी स्वातंत्र्यानंतर सहकारी संस्था उभ्या केल्या. त्यांच्या बरोबरीने धोका पत्करलेल्या बायका मात्र त्या संस्थांच्या मंडळांवर जवळजवळ दिसत नाहीत.

असे का झाले? बायकांना घेऊ नये, असा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा, प्रवरानगरचा कारखाना १९५० चा, महाराष्ट्राचा सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. यांत स्त्रीला मनाई करणारे कलम नाही. उलट 'एक सभासद, एक मत' हे सहकाराचे मूळ तत्त्व फार उदार आहे. शंभर एकरवाला आणि एक एकरवाला यांचे मत येथे सारखेच मोजले जाते. पण सभासद कोणी व्हायचे? साखर कारखान्याचा उत्पादक सभासद व्हायचे तर ऊस हवा आणि ऊस लावायला जमीन हवी. जमीन कोणाची, हे सातबारा सांगतो. आणि सातबाऱ्यावर वडिलांचे, पतीचे, मुलाचे नाव असते. ऊस लावण्यापासून खुरपणीपर्यंत अर्धे काम करणारी बाई कारखान्याच्या दप्तरात शेतकरी म्हणून नसतेच. शेतकरी नाही म्हणून सभासद नाही, सभासद नाही म्हणून मतदार नाही, आणि मतदार नाही म्हणून उमेदवारही नाही. मंडळाचे दार तिच्यासाठी तलाठ्याच्या दप्तरातच बंद झालेले असते.

म्हणून आपल्याकडे संचालक मंडळातील स्त्रियांचा इतिहास जमिनीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे मोठे अधिवेशन भरले. त्यानंतर काही वर्षांत शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम दिला. पतीने स्वखुशीने जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा, असे आवाहन होते आणि अनेक गावांनी ते मानले. १९९४ मध्ये महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा दिला. त्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी अशी दुरुस्ती केली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेला संदिग्धपणा दूर केला. कायदा झाला. पण आपल्याकडे बहीण हक्कसोडपत्रावर सही करते आणि साडी-चोळी घेऊन सासरी परतते. नाही म्हटले तर माहेर तुटेल, ही भीती तिला असते. त्या एका सहीबरोबर तिचे आणखी काय काय जाते, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

दार बंद असले म्हणून सगळ्याच बायका थांबल्या नाहीत. काहींनी स्वतःच्याच संस्था काढल्या. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका चाळीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तेच पुढे 'लिज्जत' झाले. पहिल्या वर्षीची विक्री सहा हजारांच्या थोडी वर होती. आज ती कित्येक शेकडो कोटींत मोजली जाते. पापड लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची सहमालक, नफा-तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा आणि कोणाचेही दान स्वीकारायचे नाही, हे नियम आरंभीच ठरले. कार्यकारी समितीच्या एकवीसही जागा बहिणींच्या. बाहेरून आणून बसवलेले तेथे कोणी नसते. पीठ मळणे, पापड वाळवणे आणि वजन करणे यांत चूक कोठे होते, हे समितीवर बसणारीला स्वतःच्या हातांनी माहीत असते.

दुसरे उदाहरण शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, माण तालुक्यातील म्हसवडचे. आपल्याकडे उसाला पाणी, तर तेथे प्यायच्या पाण्याची मारामार. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यासाठी प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता आणि त्यासाठी रोजचे थोडे पैसे साठवायचे होते. एवढ्याशा रकमेचे खाते काढायला बँका तयार होईनात. यातून चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींनी अंगठे उठवले होते. बायकांनी लिहा-वाचायचे वर्ग सुरू केले. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, कोणतीही मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनीही यंत्राशिवाय काढून दाखवावे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. अक्षर येत नसले तरी हिशेब येतो, ही गोष्ट बाजारात बसणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. दप्तराला ती मान्य करायला एवढा वेळ लागला.

बायकांच्या स्वतंत्र संस्था एका बाजूला वाढल्या. सगळ्यांच्या असलेल्या संस्थांमध्ये त्यांना जागा कायद्यानेच मिळाली. राज्याच्या सहकार कायद्यात स्त्रियांसाठी राखीव जागांची तरतूद आधीपासून होती. ९७ वी घटनादुरुस्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये अमलात आली. संचालक मंडळ एकवीसपेक्षा मोठे नसावे आणि त्यात दोन जागा स्त्रियांसाठी असाव्यात, असे तिने सांगितले. २०१३ मध्ये महाराष्ट्राने आपला कायदा त्याप्रमाणे बदलला. सहकार हा राज्यांचा विषय असून राज्य विधिमंडळांची संमती घेतली गेली नव्हती, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घटनादुरुस्तीचा राज्यांतील संस्थांना लागू होणारा भाग रद्द केला. पण राज्याच्या कायद्यातील दोन जागा राहिल्या.

त्याच सुमारास कंपन्यांचेही चित्र बदलत होते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, तसेच १०० कोटींचे भरणा भांडवल किंवा ३०० कोटींची उलाढाल असलेल्या सार्वजनिक कंपन्या यांनी किमान एक स्त्री संचालक नेमली पाहिजे, असे २०१३ च्या कंपनी कायद्याने बंधन घातले. नोंदणीकृत कंपन्यांना 'सेबी'ने १ एप्रिल २०१५ ची अंतिम मुदत दिली. मुदत जवळ येताच कंपन्यांची धावपळ उडाली. अनेक ठिकाणी प्रवर्तकाची पत्नी, बहीण किंवा मुलगी मंडळावर आली आणि कायद्याची पूर्तता झाली. त्यांतल्या काही कर्तबगार होत्याच. पण घरातल्याच माणसाने घरच्या कारभारावर देखरेख करायची, ही अडचण उरली. म्हणून उदय कोटक समितीच्या शिफारशींनंतर 'सेबी'ने नियम कडक केला. सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांना एप्रिल २०१९ पासून आणि १,००० कंपन्यांना एप्रिल २०२० पासून एक तरी 'स्वतंत्र' स्त्री संचालक, म्हणजे मालकांशी नाते किंवा व्यवहार नसलेली, नेमावी लागली. कायद्यापूर्वी मोठ्या कंपन्यांच्या संचालकांत शंभरात दहासुद्धा स्त्रिया नव्हत्या. दहा वर्षांत हे प्रमाण पाचांत एकीच्या जवळ आले.

मुंबईत जे घडले, तेच आपल्या गावांत वेगळ्या रूपाने घडते. निवडणुकीत पॅनेल बांधताना पुरुषांच्या जागांवर रात्र-रात्र खल होतो. महिला राखीव गटाची नावे शेवटच्या पाच मिनिटांत पडतात. कोणाचे तिकीट कापले, त्याची समजूत म्हणून त्याच्या मंडळींचे नाव घातले जाते. निवडून आल्यावर सत्कार तिचा होतो आणि बैठकीला तो जातो. लोकही त्यालाच संचालक म्हणतात. सगळीकडे असेच आहे असे मी म्हणणार नाही. धीटपणे बोलणाऱ्या, कागद मागून घेणाऱ्या संचालिका मी पाहिल्या आहेत. पण पहिला प्रकार एवढा सर्रास आहे की त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

नवल वाटत नसले तरी त्याची किंमत मोजावी लागते. माझ्या परिचयाच्या एका बाईंचे उदाहरण सांगते. संस्थेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. त्या एका पतसंस्थेच्या संचालिका होत्या. इतिवृत्ताचे पुस्तक शिपाई घरी आणून देई आणि पेन्सिलीने फुली मारलेल्या जागी त्या सही करत. कर्जे कोणाला दिली, तारण काय घेतले, हे त्यांना कधी कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. पुढे संस्था अडचणीत आली, ठेवी अडकल्या, चौकशी लागली. सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी संचालकांवर वैयक्तिकरीत्या निश्चित करता येते. नोटीस आली ती बाईंच्या नावावर. बैठकांना जाणाऱ्या पतीचे नाव कागदोपत्री कोठेच नव्हते. शेजारच्या ज्या बायकांनी त्यांच्या शब्दावर ठेवी ठेवल्या होत्या, त्यांनी बोलणे सोडले. घरखर्चाचा हिशेब रुपयापर्यंत ठेवणारी ही बाई. त्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. लाखोंची जबाबदारी मात्र एका सहीने नावावर चढली. राखीव जागेकडे मान म्हणून पाहणाऱ्यांनी ही बाजूही लक्षात ठेवावी.

आता नेहमी विचारला जाणारा प्रश्न घेऊ. मंडळावर स्त्रिया आल्या की संस्थेचा नफा वाढतो का? वाढतो, असे छातीठोकपणे सांगणारे अहवाल अधूनमधून प्रसिद्ध होतात. मला ते तितकेसे पटत नाहीत. ज्या कंपन्या मुळात भरभराटीत आहेत, त्याच अनेकदा मोकळ्या मनाने स्त्रियांना मंडळावर घेतात. मग नफ्यामुळे स्त्रिया आल्या की स्त्रियांमुळे नफा आला, हे कसे ठरवायचे? कोरिन पोस्ट आणि क्रिस बायरन या अभ्यासकांनी २०१५ मध्ये १४० संशोधनांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. हिशेबी नफ्याशी अगदी थोडे अनुकूल नाते दिसले आणि बाजारातील भावाशी जवळजवळ काहीच नाही. मात्र मंडळ व्यवस्थापनावर लक्ष ठेवण्याचे काम करते की नाही, याच्याशी स्पष्ट नाते दिसले.

नॉर्वेचे उदाहरण यात नेहमी दिले जाते. त्या देशाने २००३ मध्ये कायदा केला आणि २००८ पर्यंत मोठ्या सार्वजनिक कंपन्यांच्या मंडळांवर ४० टक्के स्त्रिया आणणे सक्तीचे केले. न केल्यास कंपनी बरखास्त, एवढी कडक शिक्षा होती. २०१२ मधील एका गाजलेल्या अभ्यासाने म्हटले की यामुळे कंपन्यांचे मूल्य घटले, कारण मंडळांवर तरुण आणि कमी अनुभवाची माणसे आली. दहा वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकांनी तीच आकडेवारी अधिक काटेकोरपणे तपासली. त्यांना घट सिद्ध करता आली नाही आणि वाढही दिसली नाही. म्हणजे कायदा आला तर उद्योग बुडतील, ही भीती खोटी ठरली आणि कायद्याने नफ्याचा पाऊस पडेल, हे स्वप्नही. अमेरिकेतील कंपन्यांवरचा रेनी ॲडम्स आणि डॅनियल फरेरा यांचा २००९ चा अभ्यास मला फार आवडतो. मंडळावरील स्त्रिया बैठकांना पुरुषांपेक्षा अधिक नियमित हजर राहतात आणि त्या आल्या की पुरुषांचीही हजेरी सुधारते, असे त्यांना आढळले. वर्ग शिकवलेल्या कोणालाही यात आश्चर्य वाटणार नाही. पण त्याच अभ्यासात असेही दिसले, की ज्या कंपन्यांवर आधीपासूनच कडक देखरेख होती, तेथे आणखी देखरेख वाढून फायदा झाला नाही. जेथे विचारणारे कोणी नव्हते, तेथे झाला.

पुण्याच्या 'थरमॅक्स' कंपनीचा इतिहास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. १९९६ मध्ये रोहिंटन आगा यांचे अकस्मात निधन झाले आणि पत्नी अनु आगा अध्यक्ष झाल्या. घरातली बाई म्हणून त्या आल्या, असे कोणीही म्हणू शकले असते. पुढील काही वर्षांत मंदीमुळे कंपनीची घसरण झाली आणि ४०० रुपयांचा शेअर ३६ वर आला. एका भागधारकाने पत्र लिहून, तुम्ही आम्हाला निराश केलेत, असे कळवले. त्या पत्राने त्यांची झोप उडाली. त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, जुने संचालक मंडळ बाजूला केले आणि स्वतंत्र संचालकांचे नवे मंडळ बनवले. तोट्यातले धंदे बंद केले. कंपनी सावरली आणि २००४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद कन्या मेहेर पदमजी यांच्याकडे सोपवले. येथे एक गोष्ट विसरता येत नाही. कंपनीचे बहुसंख्य भाग त्यांच्या कुटुंबाकडे होते. मंडळ बदलण्याचा अधिकार त्यांच्या हातात होता, म्हणून ते बदलता आले. मालकी नसलेल्या, एकट्या पडलेल्या संचालिकेकडून आपण अशीच अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

यावरून मला वाटते, की नफा वाढतो का, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारावा. मंडळापुढे कोणते विषय येतात आणि कोणते येतच नाहीत? याचे चांगले उत्तर ग्रामपंचायतींनी दिले आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो यांनी २००४ मध्ये पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील पंचायतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरपंचपद स्त्रीसाठी राखीव कोठे, हे तेथे चिठ्ठीसारखे आपोआप ठरत होते, त्यामुळे तुलना सरळ होती. स्त्री सरपंच असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाला. बंगालमध्ये नंतर असेही दिसले, की दोन खेपा राखीव राहिलेल्या गावांत पुढे खुल्या जागांवरही स्त्रिया अधिक निवडून येऊ लागल्या. पाहून पाहून लोकांची सवय झाली आणि मत बदलले.

हीच कसोटी साखर कारखान्याला लावू. कारखाना चांगला चालला, असे केव्हा म्हणायचे? गाळप किती, उतारा किती आणि ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल निघाले का, हे तर पाहायलाच हवे. पण दर हंगामात बीडकडून कोयता घेऊन टोळ्या येतात. आपल्या उसाच्या फडाशेजारी त्यांच्या खोपी पडतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी केली. ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. शौचालय नाही, विश्रांती नाही, पाळीत काम बुडाले तर पैसे कापले जातात, अशा जगण्यातून हे घडले. हा विषय आपल्या भागातील किती संचालक मंडळांच्या विषयपत्रिकेवर आला? मंडळावर दोन बायका असत्या म्हणजे तो आपोआप आला असता, असा माझा दावा नाही. बागायतदाराच्या घरातील संचालिकेलाही खोपीतले दुःख दिसेलच असे नाही. पण एकवीस जणांत तो विचारण्याची शक्यता कोणाकडून अधिक, हे प्रत्येकाने मनाशी ठरवावे.

विचारायला धीर लागतो आणि धीर संख्येने येतो. विकी क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील संचालिकांच्या मुलाखती घेतल्या. मंडळावर एकटी असेल तर तिचे बोलणे 'बायकांचे मत' म्हणून बाजूला पडते. दोघी असतील तर त्या गट करतात, अशी शंका घेतली जाते. तिघी झाल्या की कोण बाई आणि कोण पुरुष, याकडे लक्ष राहत नाही आणि मुद्द्यावर चर्चा होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपला कायदा दोनवर थांबतो. त्याने ठरवलेली ही कमीत कमी संख्या आहे. सर्वसाधारण गटांतून स्त्रीने उभे राहण्याला कोणतीही आडकाठी नाही. तरी आपण 'बायकांच्या दोन भरल्या' म्हणून यादी बंद करतो.

करता येण्यासारख्या गोष्टी फार अवघड नाहीत. विषयपत्रिका आणि ताळेबंद बैठकीच्या आधी हातात मिळावा, म्हणून संचालिकेने लेखी मागणी करावी. बैठकीस ज्याचे नाव आहे त्यानेच बसावे आणि अध्यक्षांनी इतरांना बाहेर थांबायला सांगावे. घरी आलेल्या पुस्तकावर सही करू नये. नव्या संचालिकेने पहिल्या वर्षी तीनच प्रश्न विचारले तरी पुरेत. थकबाकी किती आणि कोणाकडे? लेखापरीक्षकाने मागील वर्षी कोणते दोष दाखवले आणि त्यांचे काय झाले? संचालकांच्या नातलगांना किती कर्ज दिले? हे प्रश्न विचारले म्हणून कोणी नाराज झाले तर होऊ द्यावे. नोटीस आली तर तिच्यावर ती नाराज होणाऱ्याचे नाव नसेल.

आणि यापेक्षाही मुळाचे काम घरात आहे. घरातल्या शेअरपैकी एक तरी शेअर आणि रानातले काही गुंठे बाईच्या नावावर असावेत. वडील गेल्यावर वारसनोंदी होतात, तेव्हा भावांनी घाई करून बहिणीला सहीसाठी बोलावू नये. बहिणीनेही तो कागद वाचून, समजून मगच निर्णय घ्यावा. सोडायचा तर सोडावा, पण काय सोडतो आहोत हे तिला माहीत असावे. त्या कागदाबरोबर सभासदत्व जाते, मत जाते आणि उमेदवारीही जाते. वीस वर्षांनंतर आपल्या कारखान्याच्या मंडळावर किती बायका असतील, याचा निकाल आज दुय्यम निबंधकाच्या कचेरीत असा थोडा थोडा लागत असतो.